मावशी, मुंढा आणि होडीवाला

मावशींचं दुकान सायकल दुरुस्तीवाला आणि औषधांचं दुकान यांच्यामधे अंग चोरून बसलेलं होतं. रुंदी इतकी बेताची की कापडाचा तागा आडवा धरून कोणी आत आलं, तर आतल्या गिऱ्हाइकाला आधी बाहेर पडावं लागे. आत दोन शिलाई मशीन, एक बेतायचं टेबल, कोपऱ्यात बिनडोक्याचा पुतळा आणि खिडकीपाशी, जिथं उजेड सगळ्यात चांगला, तिथं एक कॉम्प्युटर. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "मावशी, सिनेमे बघता वाटतं यावर?"

"कुठले सिनेमे," मावशी टाका न थांबवता म्हणायच्या. "शेजारधर्म सांभाळते."

यावर बाजूला बसून काज-बटणं करणारे त्यांचे यजमान हसायचे. यजमानांनी एकतीस वर्षं बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून दुकानात येऊन बसले आणि तीन महिन्यांत काजं इतकी सुरेख करू लागले की मावशींनी बाकीच्या कामांतून त्यांना कायमची सुटी दिली.

शेजारधर्माची भानगड अशी होती. मावशी पूर्वी फरशीवर रद्दी पसरून, गुडघ्यांवर बसून कपड्यांचे आराखडे काढायच्या. पन्नाशी उलटल्यावर गुडघे बोलू लागले. त्यांची लेक तेव्हा कॉलेजात होती. तिनं आईसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. मापं भरायची, की कागदावर बाहीचा, पाठीचा, गळ्याचा आराखडा छापून बाहेर. नाव ठेवलं 'बेत'. आणि तो तिनं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला, आतल्या लिखाणासकट. कोणीही घ्यावा, वापरावा, सुधारावा. पाच-सहा वर्षांत कुठकुठले शिंपी तो वापरू लागले. मावशींनी यातल्या कोणाचं तोंड पाहिलं नव्हतं, पण कोणाकडे कॉलर बसत नाही आणि कोणाकडे प्रिंटर रुसतो हे त्यांना तोंडपाठ होतं.

आता 'बेत' काही लेकीनं एकटीनं शून्यातून रचला नव्हता. कागदावर छापायचं काम एक तयार तुकडा करी, इंचाचे सेंटिमीटर दुसरा करी, गोलाई काढायचं तिसरा. असे त्रेचाळीस तुकडे, ठिकठिकाणच्या लोकांनी लिहून खुले ठेवलेले. लेक त्यांना डिपेंडन्सी म्हणायची. मावशी म्हणायच्या शेजारी. या शेजाऱ्यांचं स्वस्थ बसणं काही होत नसे. आज याची नवी आवृत्ती, उद्या त्याची. आणि शेजाऱ्यानं भिंतीत खिळा ठोकला की आपल्या घरातलं घड्याळ पडतं, तसा प्रकार व्हायचा.

म्हणून लेकीनं एक आपोआप चालणारा प्रोग्रॅम कामाला लावला होता. त्याला ती हरकाम्या म्हणे. तो रोज त्रेचाळीस दारांवरून फिरून यायचा आणि काही नवं असेल तर मावशींसमोर आणून ठेवायचा. मग 'बेत' त्या नव्या तुकड्यासह बांधून बघितला जाई, त्यावर तीनशे बारा टेस्ट, म्हणजे छोट्या छोट्या तपासण्या, चालत, आणि सगळं जमलं तर हिरवी खूण, नाही तर लाल फुली. लेक एका दूरच्या बेटावर हवामान केंद्रात नोकरीला गेली, तेव्हा तिनं आईला एवढंच बजावलं होतं, "हिरवं दिसलं तर घे. लाल दिसलं तर माझ्या मेलची वाट बघ."

पहिल्याच महिन्यात मावशींनी हिरवं बघून एक बदल घेतला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या सदऱ्यांची बटणपट्टी पाठीवर छापून येऊ लागली. शिंप्यांनी कळवलं. मावशींनी लेकीला कळवलं. लेकीचं उत्तर आलं, "बटणपट्टी पुढे असते हे कॉम्प्युटरला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून हिरवं." त्या दिवशी मावशींनी ठरवलं की आपण सांगायला शिकायचं. आठवड्यातून एकदा येणाऱ्या लेकीच्या मेलमधून, अडत-धडपडत, त्या टेस्ट लिहायला शिकल्या. लहान मुलाच्या सदऱ्याचा गळा त्याच्या डोक्यातून गेलाच पाहिजे. खिसा शिवणीवर चढता कामा नये. असं एकेक करत त्यांनी शंभरावर टेस्ट घातल्या. आणि त्यांतल्या सगळ्यात जास्त होत्या मुंढ्याच्या. मुंढा म्हणजे बाही जिथं जोडतात ती गोलाई. मावशींचं म्हणणं होतं, शिंप्याची परीक्षा मुंढ्यात होते, बाकी सगळं सरळ रेषेत कोणालाही शिवता येतं.

तर एका सोमवारी सकाळी मावशींनी चहाचा कप ठेवला, कॉम्प्युटर उघडला, आणि समोर लाल फुली. एकसष्ट टेस्ट नापास.

"अहो," त्या म्हणाल्या, "एकसष्ट."

"काय, आजची काजं?"

"नापास टेस्ट."

यजमानांनी सुई खाली ठेवली.

गडबड गोलाई काढणाऱ्या तुकड्याची होती. त्याचं नाव 'कमान'. जुन्या कमानीत एक फट सापडली होती. तिथून कोणी वाकड्या बुद्धीचा माणूस तिला नको ते आकडे भरवून सगळं यंत्र जाम करू शकत होता. ती बुजवायला नवी आवृत्ती निघाली होती, आणि 'बेत' जिथं ठेवलेला होता त्या साइटनं कळवलं होतं की जुनी कमान वापरणारे सगळे प्रोग्रॅम दहा दिवसांनी बंद केले जातील. म्हणजे जुन्यावर राहता येईना आणि नवं घेता येईना. इकडे आड तिकडे विहीर, आणि लेकीची पुढची मेल शनिवारी.

'बेत'ला मदत करणाऱ्यांत एक इंजिनिअर होता. फोटोच्या जागी त्यानं नुसत्या चष्म्याचं चित्र लावलं होतं, म्हणून मावशी त्याला चष्मेवाला म्हणत. त्यानं लगेच लिहिलं, "मावशी, घाबरू नका. फरक सगळा दीड सेंटिमीटरच्या आतला आहे. टेस्टमध्ये आपण एक मिलिमीटरची ढील देतो ती पंधरा करू. सगळं हिरवं होईल."

मावशींनी उत्तर दिलं, "पंधरा मिलिमीटरची ढील द्यायची तर टेस्ट कशाला, नुसता आशीर्वाद देऊ."

चष्मेवाल्यानं हसरा चेहरा पाठवला आणि विचारलं, मग करायचं काय.

मावशींनी जे हातात होतं ते केलं. एकसष्ट नावं कागदावर छापून घेतली आणि खडूनं खुणा करत बसल्या. अर्ध्या तासात एक गोष्ट दिसली. मोठ्या माणसांच्या कपड्यांतली फक्त एक टेस्ट नापास होती. बाकी साठच्या साठ लहान मुलांच्या, दोन ते सात वर्षांच्या.

मग त्यांनी चार वर्षांच्या मुलाच्या जाकिटाचे दोन आराखडे छापले, एक जुन्या कमानीचा आणि एक नव्या. मांजरपाटाचे दोन तुकडे कापले आणि कच्चा टाका घालून दोन्ही जाकिटं उभी केली. पुतळा मोठ्या माणसाचा, त्याचा उपयोग नव्हता. पण औषधवाल्याची नात नेमकी चार वर्षांची होती आणि सकाळभर आजोबांच्या काउंटरखाली बसून कंटाळलेली असायची. तिला बोलावलं. जुनं जाकीट घालून ती आरशासमोर दोन गिरक्या घेऊन आली. नवं घातलं आणि तिनं नाक उडवलं.

"हे चावतंय," ती म्हणाली.

"कुठे चावतंय?"

तिनं काखेकडे बोट दाखवलं. मावशी म्हणाल्या, "हात वर कर बघू." तिनं हात वर केला आणि सगळं जाकीट हाताबरोबर वर, पोट उघडं. काखेपाशी, जिथं मुंढा गोल वळून खाली यायला हवा, तिथं त्याला पोक आलं होतं. बाही त्यात बसेना, चुण्या पडत होत्या.

यजमान म्हणाले, "वळणावर कोणीतरी रस्ता सरळ करून टाकलाय."

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं. एकतीस वर्षं वळणं घेतलेला माणूस, त्याला बरोबर दिसलं होतं. गोलाई पाच-सहा बिंदूंतून जाते. एखादा बिंदूच गायब झाला तर रेषा वळण चुकवून सरळ पुढे जाणार. मावशींनी कमानीच्या लिखाणात काय काय बदललं ते उघडलं. बदल बारा ओळींचा होता. त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं, आजी पोथी वाचते तसं, आणि सातव्या ओळीवर बोट थांबलं. दोन बिंदूंमधलं अंतर दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर त्यांतला एक गाळावा, असं तिथं लिहिलं होतं. मोठ्या माणसाच्या मुंढ्यात ते बिंदू अडीच सेंटिमीटरवर होते. चार वर्षांच्या पोरीच्या मुंढ्यात चौदा मिलिमीटरवर.

त्या खुर्चीत मागे टेकल्या. हे आपल्याला आपलं आपण सापडलं, याचा आनंद इतका झाला की त्यांनी औषधवाल्याच्या नातीला एकाऐवजी तीन रंगीत बटणं दिली.

आता कमान ज्याची, त्याला सांगायला हवं होतं. तो माणूस होड्या बांधायचा. कमान त्यानं होडीच्या पोटाची गोलाई काढायला लिहिली होती आणि इतर कोणाला लागली तर लागो म्हणून खुली ठेवली होती. मावशींनी त्याला रीतसर लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, दोन ओळींचं. "होडीत दोन सेंटिमीटरच्या आत दोन बिंदू आले तर ती मापाची चूक असते. तुमची मापं तपासा."

मावशींचा पारा चढला. "माझी मापं तपासा म्हणतो. चाळीस वर्षं टेप गळ्यात आहे माझ्या." त्या उत्तर टाइप करायला बसल्या ते अशा काही जोरात की यजमान उठून मागे येऊन उभे राहिले.

"काय लिहितेस?"

"जे लिहायला हवं ते."

"अगं, त्या माणसानं होडी पाहिलीय, जाकीट पाहिलेलं नाही. समोरच्याला वळण दिसत नसेल तर हॉर्न वाजवून काय होतं? दिवा दाखवावा."

मावशींनी लिहिलेलं पुसलं. शेजारून नातीला पुन्हा आणलं, नवं जाकीट घातलं, हात वर करायला लावला आणि फोटो काढला. पोट उघडं, काखेत पोक, आणि चेहऱ्यावर साऱ्या जगाचा कंटाळा. फोटोवर खडूच्या रंगानं बाण काढून चौदा मिलिमीटर असं लिहिलं. खाली त्याला चालवून बघता येईल अशी सहा बिंदूंची एक छोटी टेस्ट जोडली आणि एकच वाक्य लिहिलं, "दादा, मापं तपासली. पोरगी खरंच एवढीच आहे."

चाळीस मिनिटांत उत्तर आलं. "ताई, माझ्या कमानीला कोणी बाही जोडत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बोलू शकाल का?"

पडद्यावर दिसला तो साठीचा, दाढीत लाकडाचा भुसा अडकलेला माणूस. मागे एक होडी पालथी पडली होती, नुसत्या बरगड्यांची, आणि कोणीतरी रंधा मारत असल्याचा आवाज येत होता. त्यानं आधी पोरीची चौकशी केली. मग म्हणाला, "दोन बिंदू एकमेकांवर आले की माझं गणित गोल गोल फिरत बसतं, थांबतच नाही. तीच ती फट. म्हणून जवळचा बिंदू गाळला. ते काढून टाकता येणार नाही ताई."

"काढू नका. पण दोन सेंटिमीटर हे कुठून आणलं?"

"होडीवरून."

"मग तेच तर."

"ठीक आहे, दोन मिलिमीटर करतो."

मावशींनी नकारार्थी मान हलवली. "दादा, 'बेत' वापरणारी एक बाई बाहुल्यांचे कपडे शिवते. उद्या ती येईल माझ्याकडे रडत. परवा कोणी तंबू शिवणारा येईल. तुम्ही किती वेळा आकडा बदलणार?"

"मग काय करू?"

"आम्ही आकडा धरतच नाही. अंग किती, त्यावर भाग धरतो. छाती मोजायची आणि मुंढा त्या छातीच्या हिशेबात. माणूस लहान तर मुंढा लहान. तुमच्या रेषेची जी काही लांबी असेल, तिचा भाग धरा. होडीला होडीएवढा, पोरीला पोरीएवढा."

होडीवाल्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि समोरच्या फळीवर काहीतरी लिहिलं. बराच वेळ तो वर बघेना. मग म्हणाला, "पूर्ण रेषेचा हजारावा भाग. माझी सगळ्यात मोठी होडी वीस मीटरची. तिला बरोबर दोन सेंटिमीटर येतात." आणि तो हसायला लागला. मागचा रंधा थांबला, कोणीतरी विचारलं काय झालं, तर हा नुसता पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "शिंपीणबाई होडी बांधायला शिकवतायत."

"तुमच्याकडे टेस्ट किती आहेत दादा?" मावशींनी जाता जाता विचारलं.

"अकरा."

"अकराशे?"

"अकरा. होडी पाण्यात ढकलली की कळतंच ना."

मावशींनी कपाळाला हात लावला नाही एवढंच. पुढचे चार दिवस दुकानातल्या एका मशीनवर झाकण राहिलं. चष्मेवाला, मावशी आणि होडीवाला, तिघं मिळून कमानीसाठी टेस्ट लिहीत बसले. मावशी अंगरख्यापासून बाहुलीपर्यंतची मापं पुरवायच्या, चष्मेवाला ती गणितात बसवायचा, आणि होडीवाला प्रत्येक टेस्ट पास झाली की "अजून एक लाटेवर गेली" असं लिहायचा. एकदा तर चष्मेवाल्यानंच काहीतरी चुकीचं जोडलं आणि होडीवाल्याचा सगळा प्रकल्प तांबडालाल झाला. तो बिचारा दर पाच मिनिटांनी माफी मागू लागला, तेव्हा मावशींनी लिहिलं, "उसवता येतं म्हणून तर टाका घालतो आपण. उसव आणि पुढे चल." शनिवारी लेकीची मेल आली. इतका गोंधळ वाचून ती घाबरली होती. "आई, तू काही करू नकोस, मी बघते," असं तिनं लिहिलं होतं. मावशींनी उत्तर दिलं, "तू वारा बघ. इकडचं चाललंय."

आठव्या दिवशी होडीवाल्यानं नवी आवृत्ती बाहेर काढली. हरकाम्यानं ती आणून ठेवली. मावशींनी टेस्ट चालू केल्या आणि शिवणाचं नाटक करत बसल्या. यजमानांच्या हातात काज होतं, पण दहा मिनिटांत त्यांनी एकही टाका घातला नव्हता. सायकलवाला हवा भरायचा पंप हातात घेऊनच दारात येऊन उभा राहिला होता. त्याला यातलं काही कळत नव्हतं, पण गेल्या आठवड्यापासून शेजारी काहीतरी चाललंय एवढं त्याला कळलं होतं.

तीनशे अकरा हिरव्या. एक लाल.

"एकच आहे," सायकलवाला म्हणाला. "एका पंक्चरनं काय होतं."

"एका पंक्चरनंच बस थांबते," यजमान म्हणाले.

ती टेस्ट मोठ्या माणसाच्या कोटाची होती, सोमवारच्या यादीतली तीच एकटी. मुंढा दोन मिलिमीटरनं वेगळा. मावशींना वाटलं, आपल्याच सूचनेत कुठेतरी खोट राहिली. त्यांनी पुन्हा दोन्ही आराखडे छापले, मांजरपाट कापलं, पुतळ्यावर चढवलं. डावीकडे जुना मुंढा, उजवीकडे नवा. दोन्हीला बाही टाचली आणि लांब उभ्या राहून बघत राहिल्या. काही केल्या नव्यात दोष दिसेना.

यजमान चष्मा कपाळावर सरकवून जवळ आले. "एक विचारू? या कोटाची बाही तू नेहमी ओढून बसवतेस. अंगठ्यानं दाबत दाबत. आज उजवीला ओढलीस का?"

मावशींनी उजव्या बाहीवरून हात फिरवला. नव्हती ओढली. बाही आपणहून बसली होती, पाहुण्यानं अंथरुणावर अंग टाकावं तशी. जुनी कमानच त्या जागी थोडी चुकत होती, आणि बदललेल्या बारा ओळींतल्या दुसऱ्या एका ओळीनं ती चूक सुधारली होती. वर्षानुवर्षं मावशींचा अंगठा ती चूक झाकत आला होता, आणि टेस्ट लिहिताना त्यांनी तोच चुकीचा आकडा बरोबर म्हणून घातला होता.

"म्हणजे चूक माझी," त्या म्हणाल्या, आणि त्यांना इतकं हसू आलं की पुतळ्याला धरून उभं राहावं लागलं. आकडा दुरुस्त केला, टेस्ट पुन्हा चालवल्या. तीनशे बारा हिरव्या. सायकलवाल्यानं पंपानंच दारावर दोनदा ठोकून दाद दिली.

नवा 'बेत' शिंप्यांकडे गेला त्या दिवशी सगळीकडून निरोप आले. बाहुल्यावाल्या बाईनं फोटो पाठवला, वीतभर बाहुलीच्या अंगात कोट. एका म्हाताऱ्या शिंप्यानं लिहिलं की आता बाही ओढावी लागत नाही, हाताला चुकल्या-चुकल्यासारखं होतं. आणि होडीवाल्यानं नव्या आवृत्तीच्या टिपणात लिहिलं होतं की हा बदल ज्यांच्या सांगण्यावरून झाला त्या शिंपीण आहेत, आणि ज्यांना पटत नसेल त्यांनी हात वर करून बघावा. त्याच आठवड्यात त्यानं मावशींना कमानीच्या किल्ल्या दिल्या. म्हणजे तिथले बदल तपासून आत घ्यायचा अधिकार. "मला पाणी कळतं, माणसं तुम्हाला कळतात," त्यानं लिहिलं.

"आता होड्या शिवणार का?" यजमानांनी विचारलं.

"माया सोडून," मावशी म्हणाल्या. शिवणीत सोडतात ती जास्तीची किनार. यजमानांना वाटलं दुसरीच माया, आणि ते उगीच लाजले.

तीन महिन्यांनी लेक सुटीवर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात, खिडकीपाशी बसून तिनं 'बेत'मध्ये कॉलरची एक सुधारणा लिहिली, झटपट, वीस मिनिटांत, आणि आईपुढे ठेवून चहा घ्यायला गेली. परत आली तर बदल परत आलेला. खाली मावशींचे तीन शेरे. कापडाचा उभा धागा कुठल्या दिशेला धरायचा ते लिहिलेलं नाही. जाड कापडाला ही कॉलर उलटणार नाही. आणि टेस्ट नाही.

"आई, हा प्रोग्रॅम मी लिहिलाय," लेक म्हणाली.

"हो की," मावशी म्हणाल्या. "टेस्ट लिही, मग घेते."

लेक बापाकडे वळली. "बाबा, बघा ना."

यजमानांनी काजातून सुई ओढून घेतली, दोरा दातानं तोडला, आणि म्हणाले, "माझं काज परवा तीनदा परत केलंय तिनं. बस, मी तुला जागा करून देतो."

लेकीनं खुर्ची ओढली आणि टेस्ट लिहायला घेतली.